दांडा-कट

वखारीत माझं काम एकच, वजन.
घड किती, क्रेट किती,
गाडी भरलेली किती, गाडी रिकामी किती.
सावद्याच्या नाक्यावर बावीस वर्षं
दुसऱ्यांचं वजन लिहितोय, निळ्या शाईत.

दिवाळीनंतर एके दुपारी रुबाब तडवी म्हणाला,
"भाऊ, एकदा तुम्ही उभे राहा ना काट्यावर."
हमाल हसले. मीही हसतच चढलो.
एकशे सहा.
रुबाबनं पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलं:
नेहेते भाऊ, एक नग, एकशे सहा.
"दांडा कापून एकशे चार धरू," म्हणाला.

डॉक्टरांनी हेच आधी सांगितलं होतं,
साखर, दाब, गुडघे, सगळं टाइप करून.
तो कागद कुमुदनं देवाच्या फोटोमागे खोचला होता.
झोंबलं मात्र ते 'एक नग'.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो.
फैजपूर रस्ता सोडून पाटचारीच्या कडेनं,
दोन्ही अंगांना केळीच्या बागा,
ठिबकच्या नळ्यांची फुसफुस,
उत्तरेला सातपुडा, पांघरूण न काढलेला.
पहिल्या आठवड्यात मी जग जिंकलं.
दुसऱ्या आठवड्यात भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या.

मनाचा निश्चय हवा, असं जे सांगतात
त्यांनी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं
बामणोदचं वांगं मुसळीखाली जाताना पाहिलं नसावं.
वर कांद्याची पात, शेंगदाणे, कळण्याची भाकरी,
आणि आग्रहाला साक्षात साडू.
अकरा दिवस बूट दाराआड.
बाराव्या दिवशी पाय घातला
तर डाव्या बुटात नातवाच्या गोट्या.

बाहेर सायकलची घंटी. रुबाब.
दिवसाला चारशे क्रेट उचलणारा माणूस,
त्याला चालायची काय गरज?
"तुम्ही एकटे चालतात, म्हणून बसून जातात," तो म्हणाला,
"अन् चहा तुम्ही पाजाल."
असा ठराव झाला. माझा चहा बिनसाखरेचा,
त्याचा दोघांच्या साखरेचा.

मग थंडी गेली, होळी गेली,
मे महिन्यात रात्री दोनलाही भिंती तापलेल्या,
साडेचारला निघायचो, तरी घाम पाठीवर बसलेला.
किती वेळा ठरवलं, उद्या नको.
उद्या घंटी वाजायचीच.
जूनमध्ये काटा सत्त्याण्णव म्हणाला,
मी अख्ख्या वखारीला जिलबी वाटली,
स्वतः अर्धीच खाल्ली.
(पाऊण.)

त्याच आठवड्यात वजनमापवाले आले,
पितळी मापं एकावर एक ठेवत गेले
आणि शिक्का न मारताच उठले.
शंभराला चार कमी दाखवतो, म्हणाले.
मालक म्हणाले, होतं असं.

मी खुर्चीत बसून राहिलो.
सत्त्याण्णव म्हणजे एकशे एक.
जिलबी आधी आठवली, खोटं कशाला बोलू.
नंतर आठवले ट्रॅक्टरवर ताटकळलेले,
मी लिहिलेला आकडा न वाचता
खिशात घालणारे.

रुबाब बोटांवर मोजत होता.
"मंग सुरुवातबी एकशे दहाची, भाऊ.
उतरले नऊच्या नऊ.
तुमचा दांडा काट्यानं आधीच कापेल होता."

आता काट्यावर चढत नाही.
वेगळं माप सापडलंय:
डिसेंबरात एक वाक्य
विजेच्या दोन खांबांत तोडून बोलायचो.
काल पुलापर्यंत न थांबता सगळं सांगितलं,
गेल्या वर्षाच्या पावत्या मी कशा काढल्या,
मालकांसमोर कशा ठेवल्या, ते काय म्हणाले,
मी काय म्हणालो, आवाज कुठे कापला.
धाप लागली ती फक्त एकदा,
आणि ती चालण्याची नव्हती.

रुबाब बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "पुलाच्या पुढं जायचं का?"

आज पोटऱ्या दुखतायत. मन अजिबात नाही.
अंधारात उजवा बूट सापडला,
डावा झटकून बघतोय.